दारापेक्षा उंच बाई

मी बोलतेय. इकडे, खिडकीच्या कट्ट्यावर, कुंडीच्या बाजूला. नाही, अजून खाली बघा. फक्त फुंकर घालू नका हं, मी लगेच आडवी होते.

मी बाई आहे, पण खरी नाही. पांढऱ्या प्लास्टिकची, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. खांद्याला पिशवी, एक पाय पुढे. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल ते दाखवायला जे छोटं मॉडेल करतात ना, त्यात फुटपाथवर, दारापाशी, झाडाखाली माणसं चिकटवलेली असतात. त्यांतली मी एक. आमचं काम एवढंच, की इमारतीशेजारी उभं राहायचं. लोक आधी आमच्याकडे बघतात, मग इमारतीकडे, आणि इमारत केवढी असेल याचा मनातल्या मनात अंदाज बांधतात.

सोपं काम आहे, असं मलाही वाटायचं.

माझा जन्म साच्यातला. आधी खूप गरम, मग एकदम गार. त्यानंतर पाहिलं तर आम्ही कितीतरी जण एकाच दांडीला पावलांनी जोडलेले. छत्रीवाला, फोनवर बोलणारा, हातात हात घातलेलं जोडपं, आणि मी. कुठे निघालोय ते कुणालाच माहीत नव्हतं. मी छत्रीवाल्याला विचारलं, "पाऊस आहे का हो?" तो म्हणाला, "मला काय विचारताय? मला छत्रीसकटच ओतलंय."

आम्हाला पाकिटात घालून एका कचेरीत विकलं. घरांचे, दुकानांचे, मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढणारी कचेरी. ती दोघांची होती. एक ताई, आणि दुसरे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई त्यांना भाऊजी म्हणायची, बाकी सगळे सर म्हणायचे. मॉडेल करायचं काम ज्याच्याकडे होतं त्याची बोटं कायम चिकट असायची, म्हणून त्याला सगळे डिंक्या म्हणत. वयानं चांगला पन्नाशीचा माणूस, पण नाव पडलं ते पडलं.

डिंक्यानं मला कापलं तेव्हा मी इतकी दचकले की पुढचा पाय थोडा वाकडा झाला. तो अजून तसाच आहे.

माझी पहिली नेमणूक दवाखान्याच्या मॉडेलमध्ये. तिथे सगळं ठीक होतं. दार माझ्यापेक्षा उंच, बाक माझ्या गुडघ्यापर्यंत, शेजारी उभ्या गाडीचं टप बरोबर माझ्या हनुवटीला. आपण जगात बसतो आहोत असं वाटायचं. मग तो दवाखाना बांधून झाला, मॉडेल मोडलं, आणि डिंक्यानं आम्हाला सोलून एका डब्यात टाकलं.

आता त्या डब्याबद्दल सांगायला हवं. मॉडेल काही सगळी एका मापाची नसतात. कुठे खऱ्या दीडशे फुटांचा एक फूट करतात, कुठे दोनशेचा. त्याप्रमाणे माणसंही वेगवेगळ्या मापाची येतात, आणि पाकिटावर तसं छापलेलं असतं. पण एकदा वापरलेली माणसं परत पाकिटात कोण भरतं? सगळी जात त्या डब्यात. मोठी, लहान, सायकलवाले, कुत्री, सगळी एकत्र. "माणसं माणसांसारखी दिसली म्हणजे झालं," असं डिंक्या म्हणायचा. कुणी त्याला कधी टोकलं नाही. टोकायला वेळ कुणाला होता!

डब्यात मी किती पडून राहिले ते सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजता येत नाहीत. छत्रीवाला माझ्या पोटावर पडला होता, एवढं आठवतं.

एके दिवशी झाकण उघडलं. चिमटा आला. पुन्हा दचकले. मला एका नव्या मॉडेलवर उभं केलं, आणि समोर बघते तर काय, माझ्यापुढे एक बुरूज. कचेऱ्यांची इमारत होती ती. शहराच्या अगदी मध्यावर, मोठ्या चौकातल्या रिकाम्या जागेवर उभी राहायची होती. म्हणजे कशी राहायची, त्यावरच सगळा वाद चालला होता.

मॉडेलच्या मध्यभागी एक खाच होती, आणि तीत बसणाऱ्या इमारती दोन होत्या. एक उंच आणि शिडशिडीत. पायथ्याला थोडीशीच जागा घेणारी, बाकी जमीन मोकळी सोडणारी. तिला कचेरीत काडी म्हणत. दुसरी बुटकी आणि रुंद, मागच्या गल्लीच्या भिंतीपर्यंत पसरलेली. तिचं नाव वीट. सकाळी काडी बसायची, दुपारी वीट, संध्याकाळी पुन्हा काडी. माझ्यासमोर इमारती अशा येत-जात होत्या आणि मी आपली पिशवी सांभाळत उभी.

"लोकांना उंच काही दिसलं की पोटात गोळा येतो," भाऊजी म्हणायचे. "वीट ठेव. सुनावणीत कुणी तोंड उघडणार नाही. जागेच्या मालकाला काय, लवकर मंजूर होईल ती हवी."

"आणि मागचं पाळणाघर?" ताई विचारायची.

मागच्या गल्लीत एक पाळणाघर होतं. ताई तिथे एकदा जाऊन आली होती. आईबाप कामावर गेले की मुलं तिथे असतात. पुढे छोटंसं अंगण, तिथे ऊन येतं. मुलं उन्हात खेळतात, त्यांच्या ओल्या गाद्या उन्हात वाळतात. "वीट बांधली तर थंडीत त्या अंगणात ऊन म्हणून येणार नाही, भाऊजी. काडीची सावली पडेल, पण ती सरकेल. तासाभरात निघून जाईल."

"अगं, हे तुला कळतं, मला कळतं. गल्लीतल्या लोकांना काडी दिसणार, सावली दिसणार नाही."

"मग दाखवू या ना."

"दाखव. तू आणि तुझा हट्ट."

असं रोज. ऐकून ऐकून मला ताईचं पटायचं. मग भाऊजी बोलले की त्यांचंही पटायचं. पण माझी खरी काळजी वेगळीच होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. माझ्याशेजारी एक गाडी उभी होती. तिचं टप माझ्या छातीच्याही खाली येत होतं. बाकावर बसलेला म्हातारा बाकावर मावत नव्हता. मला वाटलं, डब्यात पडून पडून मी सुजले की काय? छत्रीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्ही पूर्वीएवढ्याच आहात. गाड्याच हल्ली छोट्या निघतात." त्याचं बोलणं ऐकून बरं वाटलं. पूर्ण नाही, थोडंसं.

सुनावणीच्या, म्हणजे गल्लीतल्या लोकांनी इमारत बघून हो-नाही सांगायच्या दिवशी, आम्हाला चादरीत झाकून नगर कार्यालयाच्या सभागृहात नेलं. चादर काढली तर चारी बाजूंनी चेहरे. केवढे मोठे चेहरे! टेबलाभोवती सगळी मागची गल्ली लोटली होती. खुर्चीवर सुनावणी घेणारे साहेब, कोपऱ्यात मालक आणि भाऊजी. ताई मॉडेलजवळ, हातात कागदांची गुंडाळी. ती तिनं इतकी घट्ट धरली होती की कागद चुरगळले.

खाचेत काडी बसवली होती. भाऊजींनी शेवटी ताईचा हट्ट मानला होता, पण वीट खाली पिशवीत तयार होती.

लोक वाकून बघू लागले. आधी आमच्याकडे, मग वर.

"एवढीच होय?" एक जण म्हणाला. "मला वाटलं आभाळाला भोक पाडणार."

"हो ना. लोक उगाच बोंब मारत होते."

"बरी दिसतेय की. खाली जागा पण मोकळी सोडलीय."

ताईचा चेहरा हळूहळू सैल झाला. मलाही ऊर भरून आल्यासारखं झालं. म्हटलं, आपलं काम जमलं बुवा. लोकांना इमारत कळली.

तेवढ्यात एक ठेंगण्या काकू गर्दीतून पुढे आल्या. पाळणाघर त्यांचंच. त्या काडीकडे बघेचनात. मॉडेलच्या मागच्या बाजूला गेल्या आणि बोट फिरवत एका घरापाशी थांबल्या. "हे बघा, हे आमचं! फाटक पण केलंय. आणि हा तर अंगणातला कट्टा." त्यांचा आनंद बघून सगळे हसले. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि सरळ मला उचललं. डिंक्याचा डिंक अजून नीट वाळला नव्हता, मी चटकन सुटले. भीतीनं माझं काय झालं ते विचारू नका.

"ही मी," असं म्हणून काकूंनी मला त्यांच्या दारात उभं केलं.

मी दारात मावत नव्हते. माझं डोकं दाराच्या चौकटीच्या वर निघत होतं.

"अगं बाई! ही तर आत शिरायचीच नाही."

"काकू, मुलांचं दूध तुम्हीच पिता की काय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं सभागृह हसलं. काकूसुद्धा पदराआड हसल्या. साहेबही हसले. गंमत झाली आणि गेली. लोक पुन्हा काडीकडे वळले.

ताई मात्र हसली नाही. तिनं खिशातून छोटी पट्टी काढली, माझ्या शेजारी धरली आणि पांढरी पडली. मग तिनं डिंक्याकडे पाहिलं. डिंक्यानं माझ्याकडे पाहिलं, मग छत्रीवाल्याकडे, मग स्वतःच्या बोटांकडे.

ती भाऊजींपाशी गेली. मी दारात, म्हणजे त्यांच्या कोपऱ्याकडच्याच बाजूला होते. मला सगळं ऐकू आलं.

"भाऊजी, माणसं मोठ्या मापाची लागलीत. दवाखान्याची माणसं आहेत ही."

"मग?"

"मग काय? माणूस मोठा दिसला की इमारत लहान दिसते. काडी आहे त्यापेक्षा किती बुटकी वाटतेय लोकांना."

भाऊजींनी साहेबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हे बघ, आपण मुद्दाम केलेलं नाही. आणि आत्ता बोलू नकोस. साहेब आता हात वर करायला सांगतील. तुलाच हवी होती ना काडी? पाळणाघराचं ऊन वाचतंय ना?"

"वाचतंय."

"मग झालं तर."

"पण ते आपल्या माणसांना बघून हात वर करणार, भाऊजी. इमारतीला बघून नाही."

"अगं, आता सांगितलंस तर तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. चिडतील आणि विटेला हात वर करतील. त्या काकूंचं ऊन तुझ्या खरेपणापायी जाईल. चालेल?"

मी दारात डोकं चौकटीबाहेर काढून उभी. मला वाटलं, गप्प राहावं तिनं. मग वाटलं, सांगावं. मग वाटलं, मला कुणीतरी पुन्हा डब्यात टाकावं. मी तर काहीच केलं नव्हतं. नुसती उभी होते. पण नुसतं उभं राहणं हेच माझं काम, आणि तेच चुकलं होतं. हे कसं समजून घ्यायचं?

साहेब म्हणाले, "तर मग, ज्यांना हा नमुना मान्य आहे—"

"थांबा," ताई म्हणाली. "थांबा, प्लीज. एक चूक झालीय."

तिनं सगळं सांगितलं. दोन मापं, डबा, दार. सांगताना ती तीनदा अडखळली, आणि एकदा तर 'इमारत'ऐवजी 'दवाखाना' म्हणाली. शेवटी म्हणाली, "खरी इमारत तुम्हाला आत्ता दिसतेय त्यापेक्षा बरीच उंच वाटेल. मला तरीही हीच बरोबर वाटते. पण तुम्ही नीट बघून ठरवा."

मग जो गलका झाला!

"म्हणजे आम्हाला बनवत होतात?"

"काकूंनी ती बाहुली उचलली नसती तर?"

"साहेब, ती बुटकीच मंजूर करा. हे लोक चालू आहेत!"

ताई दिवा घेऊन पुढे झाली. टेबलावरचा साधा दिवा, सावली दाखवायला आणलेला. "माणसं मोठी असोत की लहान, सावलीला फरक पडत नाही. हे बघा, सूर्य असा आला की—"

"दिवा पण तुमच्याच हातात आहे ना, बाई!" आभाळाला भोक म्हणणाराच ओरडला.

ताईचा हात तिथेच थांबला. खरं सांगते, मला रडू आलं असतं. डोळे असते तर.

"आण गं तो इकडे," काकू म्हणाल्या.

"काय?"

"दिवा. माझ्याकडे दे. माझ्या अंगणात ऊन कुठून येतं ते मला कुणी शिकवायला नको. आणि ती दुसरी कुठेय, बुटकी? लाव आधी ती."

डिंक्यानं काडी काढून वीट बसवली. काकूंनी दिवा धरला. सकाळ कुठे, दुपार कुठे, गाद्या कधी उलटवतात, मुलं झोपायला कधी आत जातात, असं पुटपुटत त्या दिवा हळूहळू फिरवत गेल्या. अंगणाच्या कडेला, दारात, मी उभी होते. विटेची सावली माझ्यावर पडली आणि काही केल्या हलेना. मग काडी बसवली. पुन्हा तोच दिवा, तोच हात. सावली आली. काळी, लांब, भीती वाटावी अशी. माझ्यावरून सरकली आणि गेली.

"गेली," काकू म्हणाल्या. दिवा त्यांनी खाली ठेवला. "पण उंच आहे हो ही. फारच उंच आहे."

"आहे, काकू," ताई म्हणाली.

"रोज बघावी लागेल."

"हो."

त्या दिवशी हात कुणाचेच वर झाले नाहीत. साहेबांनी पुढची तारीख दिली. माणसं काढून नुसतं मॉडेल आणा, असं सांगितलं. भाऊजी ताईशी एक शब्द न बोलता निघून गेले. डिंक्या चिमट्यानं आम्हाला एकेकाला उपटू लागला. छत्रीवाला डब्यात जाताना मी शेवटचा पाहिला. मला मात्र काकूंनी दिवा ठेवल्यावर सहज उचललं होतं, आणि मी त्यांच्या मुठीतच राहिले. त्यांना घरी आल्यावरच कळलं.

तेव्हापासून मी इथे, पाळणाघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर.

दुसरी सुनावणी मी पाहिली नाही. काकू परत आल्या, चप्पल काढली आणि पाणीसुद्धा न पिता शेजारच्या वहिनींना हाक मारून सांगितलं, "काडीच झाली मंजूर. चार मजले कमी करून."

"तुम्ही हात वर केला?"

"केला. अर्धा वर गेला, मग खाली आला, मग पुन्हा वर केला." काकू टेकल्या. "पण वहिनी, मला एक सांगा. त्या पोरीनं काही सांगितलं नसतं, तरी मी हात वर केलाच असता. सांगितलं, तरी केलाच. मग एवढा गोंधळ करून फरक काय पडला? तिचे भाऊजी तर म्हणे तिला आता लोकांसमोर पाठवतच नाहीत. आतच बसवतात."

"फरक असा," वहिनी म्हणाल्या, "की आता चूक निघाली तर शिव्या द्यायला दुसरं कुणी नाही."

दोघी हसल्या. मग काकू उठून अंगणातल्या गाद्या उलटवायला गेल्या.

ताई मध्यंतरी एकदा आली होती. फाटकाशीच थांबली. काकूंनी आत बोलावलं तर म्हणाली, "नको, सहज आले होते. ऊन कसं आहे ते बघायला." तिला मी दिसले नाही. कुणालाच दिसत नाही म्हणा. मुलांनी मला एकदा त्यांच्या बाहुलीच्या घरात नेऊन ठेवलं, तर तिथे मी बाहुलीच्या चपलेएवढी. मग एका मुलीनं तोंडात घातलं, तेव्हा काकूंनी बोट घालून काढलं आणि पुन्हा इथे आणून ठेवलं. माझं खरं माप कोणतं, हे विचारायचं आता मी सोडून दिलंय. सोडलंय म्हणजे, रोज सोडते.

समोर काडी उभी राहतेय. निम्म्याच्या वर झाली असेल. ती खरंच उंच आहे हो. ताईनं सांगितलं होतं त्याहून उंच. दुपारी तिची सावली येते तेव्हा मुलं खेळणं थांबवून वर बघतात, आणि मी अजूनही दचकते. ती जाते. रोज जाते. पण जाईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. वाटतं, काकूंचा दिवा चुकला असेल तर? आज नाहीच सरकली तर?

तुम्हाला कधी कुणी असं मॉडेल बघायला बोलावलं, तर माझं एवढं ऐका. आमच्याकडे बघून ठरवू नका. आम्ही वाईट नाही, पण आम्हाला कुणी उभं केलंय आणि कोणत्या डब्यातून काढलंय, ते आम्हालाही माहीत नसतं. एकाला उचला आणि तुमच्या स्वतःच्या दारात ठेवून बघा. लोक हसतील. हसू द्या.

सकाळपासून वरच्या मजल्यावर एक कामगार कडेला उभा आहे. कमरेला दोर बांधलाय, हातात काहीतरी आहे, इथून नीट दिसत नाही. तो खरा माणूस आहे, घाम येणारा, घरी जाणारा. पण या खिडकीतून पाहिलं तर बरोबर माझ्याएवढा दिसतोय. मगाशी त्यानं खाली बघितलं. मी हात हलवला असता, पण माझे हात पिशवीला चिकटलेले आहेत.

तोच हलवेल, म्हणून बघत उभी आहे.